डाव्या पायाचा अहवाल

एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून मी चोवीस वर्षं काढली आहेत, आणि या चोवीस वर्षांत अपघाताचं कारण शोधण्यात माझा अंदाज एकदाही चुकलेला नाही. शिडी घसरली, पट्टा तुटला, कुणाचं बोट यंत्रात गेलं, की मी वही घेऊन हजर! चूक कुणाची, हे पाच मिनिटांत सांगतो. नुसती माझी वही दिसली तरी कामगार हेल्मेट चढवतात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. ते आदरापोटी, असं मी धरून चालतो.

तेव्हा घरच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा निकाल मी चुटकीसरशी लावीन, अशी माझी खात्री होती.

गाडी एकोणीस वर्षांची. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अशाच एका पाटीचं शेवटचं अक्षर राहिलेलं असताना शिडीवरून पडले आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. क्लच दाबणं संपलं, म्हणून ही आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली. दोन वर्षांपूर्वी मी माझी जुनी गाडी विकली, तेव्हापासून बापलेकांत ही एकच. सकाळी मी ती कारखान्यात नेतो, तीनला परत आणतो. साडेतीनला अप्पा ती घेऊन आईकडे जातात.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असते. तिला विसरण्याचा आजार आहे. वार गेले, महिने गेले, आमचं घर गेलं, मग आम्ही गेलो. चार वाजले मात्र तिला कळतात. चारला ती केस विंचरून, पर्स मांडीवर घेऊन खिडकीशी बसते आणि अप्पांना ओळखते. मला नाही ओळखत. रविवारी मी त्या दोघांना गाडीतून फिरवून आणतो, म्हणून तिने मला ड्रायव्हर ठरवलं आहे. पहिल्यांदा तिने "गाडी काढा" म्हटलं, तेव्हा मी तिथल्या मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. आता म्हणाली की काढतो.

ड्रायव्हर म्हणूनही ती माझ्यावर नाखूशच. "हा फार धक्के देतो हो," मागच्या सीटवरून ती अप्पांना सांगायची. "तुम्ही चालवता तेव्हा कशी लोण्यासारखी जाते गाडी."

अप्पा तिचा हात थोपटायचे. मी आणि बायको आरशातून एकमेकांकडे पाहायचो. बिचारीला आता काही कळेनासं झालंय, असा त्या पाहण्याचा अर्थ असायचा.

गाडी धक्के द्यायची, हे खरंच होतं. गिअर बदलताना मागून कुणी लाथ घातल्यासारखी उसळायची. चढ आला की विचारात पडायची. आणि गेल्या महिन्यात, अप्पा टेकडीच्या चढावर असताना ती थांबली ती थांबलीच. मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा कल्ला. अप्पांनी किल्ली खिशात टाकली आणि उरलेला चढ ताठ पाय ओढत चालत गेले. चारला दोन मिनिटं कमी असताना पोचले. गाडी दोर लावून गिअरमिस्त्रीकडे न्यावी लागली.

आता एक कबुली देऊन टाकतो. मला गाडी दुरुस्त करायचीच नव्हती. अप्पांना एक्याऐंशीवं लागलंय. रोज साडेतीनला ते निघाले की गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा राहतो. 'अप्पा, आता चालवणं बंद करा', एवढं वाक्य दोन वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. जन्मभर ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्यांच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची? तोच निरोप गिअरबॉक्सने परस्पर दिला तर? मिस्त्रीने एकदा 'संपला' म्हणावं, मी चेहरा पाडावा, काम फत्ते!

मिस्त्री अबोल माणूस होता. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत काळे. त्याने तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि नाकाशी धरली.

"संपला ना?" मी आशेने विचारलं.

"कोण?"

"गिअरबॉक्स."

"तेल जळलंय." त्याने चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "घरात डावा पाय ब्रेकवर ठेवून गाडी कोण चालवतं?"

"म्हणजे?"

"या गाडीला क्लच नाही. डाव्या पायाला काम नाही, त्याने गप पडून राहायचं. पण काहींचा पाय जाऊन बसतो ब्रेकवर. उजवा म्हणतो चल, डावा म्हणतो थांब. मधल्यामध्ये गिअरबॉक्स भाजून निघतो."

"मग दुरुस्त करायचा की नाही?"

"ते त्या पायाला विचारा. पाय सुधारणार असेल तर तेल बदलतो, आतल्या चकत्या बदलतो, अजून चार-पाच वर्षं पळेल. सुधारणार नसेल तर नवाकोरा बसवला तरी जळेल. मग भंगारात द्या."

मला आतून उकळ्या फुटल्या. एक्याऐंशी वर्षांचा पाय कुठला सुधारायला! मलाही वाईट व्हावं लागणार नव्हतं, मिस्त्रीलाही नाही. आता पुरावा होता, तो नाकाला झोंबत होता.

घरी येऊन मी रीतसर अहवाल लिहिला. तीन पानं. घटना, कारण, दोषी अवयव, शिफारस. बायकोला वाचायला दिला.

"अहो, पण अप्पांचा डावा पाय तर—"

"तोच!" मी म्हणालो. "डावाच. मिस्त्रीने स्पष्ट सांगितलंय."

"मी काय म्हणते, तो पाय मुळात—"

"भावनेच्या भरात बोलू नकोस. मलाही वाईट वाटतंय."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिले आणि ती भांडी आवरायला निघून गेली. माझी बायको एखादी गोष्ट दोनदा सांगते. तिसऱ्यांदा माणसाला त्याच्या कर्मावर सोडते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मी अप्पांना अहवाल वाचून दाखवला. 'वयोमानानुसार जडलेली घातक सवय' इथे मी घोटभर पाणी प्यायलो, पण वाचलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. एकदा टेबलाखाली वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या तीन पानांवर ठेवली.

"नको करूस दुरुस्त," ते म्हणाले. "मी बसने जात जाईन."

इतकं सोपं! मी किल्ली उचलली. हलकं वाटायला हवं होतं, ते मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा बसने गेले. बसची पायरी उंच. ताठ पाय वर घ्यायचा म्हणजे आधी दोन्ही हातांनी दांडा धरायचा, मग अंग तिरकं करायचं. पहिली बस तेवढं थांबली नाही. दुसरी थांबली, पण मधल्या चौकात बदलावी लागली. सात वाजता ते घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"भेटल्या का आई?" बायकोने विचारलं.

"भेटली. पाच वाजून गेले होते, पर्स कपाटात ठेवून दिली होती तिने." अप्पांनी ताठ पाय पुढे केला. "म्हणाली, भेटायची वेळ संपली आता. आमचे हे आले की सांगेन त्यांना, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

बायकोने खाली बसून त्यांचा डावा बूट काढला. गुडघा वाकत नाही, म्हणून तो बूट रोज तीच काढते. मी समोर बसून ते पाहत होतो. वाचकहो, नुसता पाहत होतो!

सकाळी बायको म्हणाली, "तुमच्या कारखान्यात साक्षीदार लागतो ना? मग मिस्त्रीला गाडीत बसवा, अप्पांना चालवू द्या, आणि डोळ्यांनी बघा."

मी लगेच कबूल झालो. साक्षीदार मिळाला तर मनाची टोचणी तरी कमी होईल, असा माझा हिशोब. मिस्त्रीने चाचणीपुरतं नवं तेल भरलं आणि तो अप्पांच्या शेजारी बसला. मी मागे, वही उघडून.

अप्पांनी गाडी काढली. बाजार, चौक, शाळेपुढचे गतिरोधक, मग टेकडीचा चढ. गाडी अशी गेली की वहीत लिहिताना माझी एकही ओळ हलली नाही. वर पोचल्यावर मिस्त्री म्हणाला, "पाय ब्रेकवर आलाच नाही."

"आज मुद्दाम सांभाळून चालवली असेल," मी म्हणालो.

"सांभाळतील काय? यांचा पाय वाकतच नाही."

"हो, वीस वर्षं झाली," मी सवयीने म्हणालो आणि लिहायलाही घेतलं. डावा गुडघा वीस वर्षांपासून ताठ, त्यामुळे पाय उचलून ब्रेकवर ठेवणं... तिथे माझं पेन थांबलं.

"आता तुम्ही चालवा," मिस्त्री म्हणाला.

मी पुढे बसलो, अप्पा मागे. दुसऱ्याच वळणावर गाडीने लाथ घातली.

"पाय," मिस्त्री म्हणाला.

"कुठला?"

त्याने नुसतं खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझा डावा बूट ब्रेकवर घरच्यासारखा ऐसपैस बसला होता! वीस वर्षं क्लच दाबलेला पाय तो. रिकामं बसणं त्याला माहीतच नव्हतं. गाडी बिघडायला लागली दोन वर्षांपूर्वी, आणि मीही ती चालवायला घेतली दोन वर्षांपूर्वीच, ही नोंद माझ्या तीन पानांत कुठेच नव्हती.

मी गाडी कडेला घेतली. तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि गाडीत आरसे तीन.

"अप्पा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" अप्पा मागून म्हणाले. "मी गाडी चालवू नये, असं तुला वाटत होतं. ते तुला सांगता येत नव्हतं. एवढी तीन पानं लिहिलीस बिचाऱ्याने. म्हटलं, देऊ किल्ली."

मला मोरीचा नळ आठवला. इथे नळ नव्हता.

"मग, करायचा दुरुस्त?" मिस्त्रीने विचारलं. "पाय सुधारेल?"

"पायाचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "मी कारखान्याच्या बसने जाईन."

किल्ली अप्पांच्या खिशात परत गेली. माझी भीती गेली असं नाही. साडेतीनला ते निघाले की परत येईपर्यंत मी फोनकडे पाहत बसतो. त्याचा अहवाल मात्र लिहीत नाही.

गाडी आली त्या रविवारी आम्ही आईला फिरायला नेलं. अप्पा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. टेकडी उतरून गाडी सपाट रस्त्याला लागली, तरी आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज धक्के नाहीत."

"गाडी दुरुस्त केली ना," अप्पा म्हणाले.

"आणि ड्रायव्हर?"

मला आठवलं, दोन वर्षं ती हेच सांगत होती. आमच्यात नेमकं कारण तिला एकटीला कळलं होतं, आणि आम्ही तिची कीव करत होतो.

अप्पांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तो काही दुरुस्त होण्यासारखा नाही," ते म्हणाले. "पण जुना आहे. असू दे."

आईने मान वळवून मला नीट निरखलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे इतका वेळ पाहत होती. मी सीटवर जरा पुढे सरकलो.

"असू दे," ती म्हणाली. "पण पुढे बसवू नका."

पुढे वळण आलं. अप्पांनी ते अलगद घेतलं. मागच्या सीटवर मी डाव्या पायाने खालचा रबरी गालिचा करकचून दाबला होता.