डबीतला दात

वनरक्षक भागवतने टपालाने आलेलं पत्र दोनदा वाचलं, उठून वडिलांच्या कोनाड्यातली तंबाखूची डबी उघडली आणि मटकन खाटेवर बसला. डबीत वडिलांचा दात असायला हवा होता. निघाला तो चितळाचा.

वडिलांचा दात डबीत कशाला, तर माणसाने सरणावर अख्खं जावं अशी रामरावांची श्रद्धा. पडलेला प्रत्येक दात ते जपून ठेवत. गेल्या महिन्यात पुढचा दात पडला, तो या डबीत गेला. त्याच आठवड्यात धनजच्या शिवारात एक चितळ विहिरीत पडून मेलं. हरीण असो की माणूस, दाताच्या मुळावर दर वर्षी एक थर चढतो. दात कापून भिंगाखाली ते थर मोजले की जनावराचं वय कळतं, म्हणून वरिष्ठांनी दात मागवला होता. भागवतने तो काढला, धुतला आणि सरकारी पिशवी फाटकी निघाल्यामुळे घरातल्या रिकाम्या डबीत घातला. रामराव जन्मभर एकाच छापाची तंबाखू खात असल्याने घरातल्या सगळ्या डब्या सारख्या होत्या. पाठवताना त्याने भलतीच उचलली. प्रयोगशाळेतल्या माणसानेही दात कोणाचा हे पाहिलं नाही. त्याचं काम थर मोजायचं, ते त्याने चोख केलं.

पत्रात आकडा नव्हता. 'सदर चितळाचे वय असाधारण आढळल्याने समिती पाहणीस येत आहे' एवढंच होतं. चितळ जगून जगून जगणार पंधरा वर्षं. भागवतच्या डोळ्यांपुढे निलंबनाचा आदेश नाचू लागला. त्याने वडिलांना सगळं सांगून हात जोडले. वडिलांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हंजे माहं खरं वय आता सरकारी भिंगातून निंघालं?"

"बाबा, कोणाले काही सांगू नका. माही नोकरी जाईन."

"तुह्या नोकरीचं पाहू मंग. इथं माहा नारळ वापस येऊन राह्यला."

नारळाची भानगड अशी, की हनुमान जयंतीला मारुतीपुढचा पहिला नारळ गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाने फोडायचा. रामराव स्वतःला ऐंशीचे म्हणवत. पण शाळेत मास्तरांनी त्यांची जन्मतारीख अंदाजाने टाकली होती आणि मास्तरांचा अंदाज गणितासारखाच कच्चा असल्यामुळे आधार कार्डावर ते सहासष्टचे होते. शेजारचे मदनसिंग कार्डावर चौऱ्याहत्तरचे. तीन वर्षं नारळ मदनसिंग फोडत होते, आणि याला मी खांद्यावर हिंडवलं असं सांगत रामराव तीन वर्षं प्रसाद नाकारत होते.

समितीची जीप पाराशी थांबली आणि गाव गोळा झालं. तिघा साहेबांनी उतरताच भागवतची पाठ थोपटली. चितळाच्या स्मारकाचा प्रस्ताव म्हणे वर गेलासुद्धा होता. ते कोणतं गवत खायचं, कोणत्या बाजूला तोंड करून झोपायचं, याची चौकशी झाली. एका साहेबांनी ते ज्या विहिरीत मेलं तिचं पाणी बाटलीत भरून घेतलं, आणि बायको आजारी असते म्हणून आणखी एक बाटली भरली.

तेवढ्यात रामराव उठले.

"सायेब, थो दात चितळाचा नाही, माहा हाय. वय वाचा मोठ्यानं."

भागवतने डोळे मिटले. मोठ्या साहेबांनी गोंधळून कागद पाहिला. "एकाहत्तर," ते म्हणाले.

मग मदनसिंग सावकाश म्हणाले, "म्हंजे मी तुह्याहून तीन वर्सानं मोठा. मंग तू मले खांद्यावर कसा हिंडवलं रे?"

रामरावांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मारुतीकडे.

"थो दात माहा नाही. चितळाचाच हाय. मले आजकाल बरोबर दिसत नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. मदनसिंगांनी चितळ कुठं एवढं जगतं का, असा मुद्दा काढला, पण विज्ञानावर अविश्वास दाखवू नका म्हणून साहेबांनी त्यांना खाली बसवलं. या चितळाला तुम्ही कधीपासून ओळखता, असं त्यांनी मग रामरावांना विचारलं.

"जलमलं तवापासून. मी दहा वर्साचा होतो, विहिरीपाशीच ढोरं चारत होतो. माह्या डोयासमोर जलमलं."

साहेबांना साक्षीदारच हवा होता. तिथल्या तिथे पंचनामा झाला. 'साक्षीदार रामराव, वय एक्क्याऐंशी वर्षे' असं लिहून साहेबांनी शिक्का मारला आणि वरील मजकूर खरा असल्याबद्दल खाली वनरक्षक भागवतची सही घेतली. रामरावांनी लगेच नक्कल मागून घेतली.

त्या वर्षीचा नारळ त्यांनीच फोडला. मदनसिंगांनी प्रसाद घेतला नाही. चितळाचा दात मात्र रामरावांनी परत दिला नाही. भागवतने मागितला तेव्हा त्यांनी डबी कमरेला खोवली. आपला दात सरकारने कापून टाकलाय, सरणावर आकडा तरी पुरा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.