भैयाजी येऊन राह्यले

रविवारी भैयाजी येणार हे पक्कं झालं आणि शनिवारी सकाळी, चहाही व्हायच्या आधी, रूपरावांनी खराटा हातात घेतला. फाल्गुनाचे दिवस. टेकडीवरचा साग धडाधड पानं टाकत होता आणि एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं. पुढून झाडत जावं तर मागे पुन्हा पाचोळा तयार. आंजी गावाच्या पलीकडे, झाडीतल्या उतारावर कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर बांधून रूपरावांना वर्ष झालं होतं, पण एवढ्या निष्ठेनं त्यांनी अंगण कधी झाडलं नव्हतं.

कारण तसंच होतं. रूपराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत 'जेवले का' असं त्यांना कुणी विचारलं नाही, 'लाइन काऊन गेली' एवढंच विचारलं. त्यामुळे शांततेची त्यांना फार भूक होती आणि ती या टेकडीवर भागत होती. त्यांच्या पत्नीचं, नलूबाईंचं, मात्र भागत नव्हतं. त्या हिंगणघाटच्या भरवस्तीत वाढलेल्या. वानरांनी कवेलू फोडले ते त्यांनी सोसलं. रानडुकरांनी हळदीचा वाफा नांगरून दिला तेही सोसलं. पण न्हाणीत घोरपड निघाली त्या दिवशी त्यांनी थेट थोरल्या भावाला फोन लावला, "भैयाजी, तुमचा बाजूचा फ्लॅट रिकामाच हाये ना?"

भैयाजी म्हणजे नलूबाईंच्या माहेरचं सर्वोच्च न्यायालय. त्यांचं बाहेर मात्र कुणी ऐकलं नाही. नगरपालिकेची निवडणूक ते दोनदा लढले, दोनदा पडले आणि दुसऱ्या वेळी तर घरच्या मतांचाही हिशेब जुळला नाही. तेव्हापासून गळ्यात हार पडायचा तो राहिलाच. मानेच्या दुखण्यानं डॉक्टरांनी पट्टा तेवढा बांधला. आता हे भैयाजी रविवारी येऊन जागा पाहणार आणि टेकडीवर राहायचं की हिंगणघाटला परत जायचं हे सांगणार, असं ठरलं होतं. "भैयाजी म्हणतीन तसं," असं रूपराव कबूल करून बसले होते. तेव्हा टेकडी राहते की जाते, हा सगळा मामला आता अंगण कसं दिसतं यावर होता.

इथे एक गोष्ट वाचकांना सांगून टाकलेली बरी, कारण रूपरावांना ती कुणीच सांगितली नव्हती. टेकडीखालच्या वस्तीत वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, असा तिथला पक्का समज. म्हणून वस्ती त्याला मानानं 'भैयाजी' म्हणते. आणि हे रूपरावांना समजावून सांगायचं तर त्या जनावराचं नाव घेणं आलं, म्हणून कुणी समजावलं नाही. 'काल भैयाजी नाल्यावर पानी पिऊन गेले', 'भैयाजीनं गोऱ्हा नेला' असं रूपरावांच्या कानावर यायचं. दुसऱ्याचा गोऱ्हा घेऊन जाणारा म्हणजे कुणी पुढारी असेल, असं समजून त्यांनी कधी नवल केलं नाही. आपल्याकडे गावागणिक एक भैयाजी असतोच. उलट एकदा ते वस्तीवरच्या कवडूला म्हणाले होते, "भेटा लागते राजा एखाद्या दिवशी त्याहिले." कवडूनं त्या दिवसापासून त्यांना वळणावरूनच रामराम घालायला सुरुवात केली होती.

याच कवडूची बायको धुरपता झाडलोटीला येत असे. ती आली तेव्हा निम्मं अंगण स्वच्छ झालेलं.

"बापा! पाला काऊन झाडून राह्यले भाऊजी? राहू द्या ना. कोनी आलं त पाल्यानं चाहूल लागते."

"चाहूल कायची? उद्या भैयाजी येऊन राह्यले."

धुरपता होती तिथे उभी राहिली. "कोनं सांगतलं तुमाले?"

"फोनवर कळलं."

धुरपतानं विचार केला. जंगलखात्यानं जनावरांच्या गळ्यात पट्टे बांधलेत, जनावर कुठे फिरतं ते फोनवर दिसतं, हे तिनंही ऐकलं होतं. तरी खात्री करावी म्हणून तिनं विचारलं, "त्याहिच्या गळ्यात पट्टा हाये का?"

"हाये ना. डॉक्टरनं बांधला."

"बेसुद करून?"

"छ्या! सुदीवरच बांधला. लय ओरडले म्हन्ते. डॉक्टर मागं सरकला, पन बांधला."

धुरपतानं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात रूपराव घराच्या मागच्या बाजूला गेले आणि कुंपणाला लावलेल्या बोराटीच्या काट्या ओढून बाजूला टाकू लागले. ही बाजू थेट जंगलाकडची.

"भाऊजी! थ्या काट्या काऊन काढून राह्यले?"

"भैयाजी मागच्या वाटेनं येतीन. समोरचा चढ त्याहिले जमत नाई. गुडघे दुखते."

"त्याहिचे बी दुखते?"

"वय झालं ना आता. बरं, आयक. कवडूले सांगजो, उद्या सकाळी एक बकरा पाठव म्हना. कोंबडीनं भैयाजीचं भागत नाई."

"कापून?"

"नाई नाई, जित्ताच. इथं फाटकापाशी बांधून ठेवू. त्याहिले समोर पाह्यल्याशिवाय पटत नाई."

धुरपताला आता घाम फुटला होता. तिनं हळूच घराकडे पाहिलं. "आन् नलूवैनी? त्याहिले ठाऊक हाये?"

"तिनंच त बोलावलं. चार दिवसापासून वाट पाहून राह्यली. लहानपनी भैयाजीच्या पाठीवर बसूनच शाळेत जाय ते."

धुरपता आपला खराटा बगलेत मारून जी निघाली ती वस्तीत जाऊन थांबली.

वस्ती लिंबाखाली जमली. रूपरावांच्या डोक्यावर परिणाम झाला, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, इलेक्ट्रिकची नोकरी, कधीतरी झटका बसला असेल. नलूबाईंचं काय, हे मात्र कुणालाच कळेना. वाघाच्या पाठीवर शाळेत गेलेल्या बाईकडे वस्ती इतके दिवस ताक मागायला जात होती, या विचारानं दोघी-तिघींनी छातीला हात लावला. शेवटी ठरलं, कवडूनं जाऊन नीट समजावून सांगावं.

कवडू संध्याकाळी आला. रूपराव कवेलू सारखे करत शिडीवर उभे होते.

"रूपरावभाऊ, थे भैयाजीचं... तसं करू नोका. वंगाळ होईन."

"का बरं?"

"थे भैयाजी म्हन्जे... आता कसं सांगू... थे नाई का... पट्टेवाले..."

"हाव हाव, पट्टा लावूनच येतीन. झोपतानाच काढते तो."

कवडूनं दोन्ही हात जोडले. "भाऊ, त्याहिले मोठे दात असते!"

"कवळी हाये ती," रूपराव हसून म्हणाले. "तू बकरा तेवढा आठवनीनं आन."

झालं. कवडू परत गेला आणि त्यानं वस्तीला निकाल सांगितला, "त्याहिले आता देवच समजावन. उद्या आपुनच भैयाजीले हाकला लागते."

रविवारी सकाळपासून वस्ती रूपरावांच्या घरामागच्या झाडीत दडून बसली. तेलाचे रिकामे डबे होते, पराती होत्या, लग्नातलं डफडं होतं, दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब होते. बायकाही मागे नव्हत्या. धुरपताच्या हातात तोच खराटा होता. पाला झाडून टाकल्यामुळे पायरव ऐकू येण्याची सोय राहिली नव्हती. म्हणून कवडू मोहाच्या झाडावर चढून वाटेकडे डोळे लावून बसला. बकरा अर्थातच आणला नव्हता.

इकडे भैयाजींची जीप टेकडीच्या मागच्या अंगाला थांबली. ड्रायव्हरला तिथेच बसवून ते एकटेच पायवाटेनं निघाले. चढ तसा थोडाच होता, पण भैयाजींचा देह मोठा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, कमरेत वाकून, फुरफुरत ते रायमुनियाच्या झुडपांतून वर येऊ लागले. झाडावरून कवडूला दिसली ती मातकट जाकिटातली रुंद पाठ, हलणारी झुडपं आणि मध्येच एकदा गळ्यातला पट्टा.

"भैयाजी आले!" कवडू किंचाळला. "भैयाजी आलेऽऽ!"

आणि मग सारी वस्ती एका आवाजात उठली. "भैयाजी आले! भैयाजी आले!" डबे वाजले, पराती वाजल्या, डफडं कडाडलं. दोन सुतळी बॉम्ब एकदम फुटले आणि टेकडीवरची वानरं या फांदीवरून त्या फांदीवर पळत सुटली. त्या धुरातून, त्या आवाजातून, झुडपं बाजूला करत भैयाजी सरळ उभे राहिले.

त्यांनी समोर पाहिलं. ओळीनं उभी माणसं, बाया, वाद्यं, फटाके, आणि सगळ्यांच्या तोंडी आपलं नाव. दोन निवडणुकांत जे ऐकायला कान आसुसले होते ते इथे, या रानात, न मागता ऐकू येत होतं. त्यांनी सावकाश दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

वस्तीची मोठी पंचाईत झाली. समोर माणूस आहे हे दिसत होतं, पण एवढ्या जोरात सुरू केलेली घोषणा थांबवायची कशी हे कुणाला सुचेना. थांबावं तर रडणाऱ्या माणसाचा अपमान. म्हणून ते जरा खालच्या आवाजात "भैयाजी आले, भैयाजी आले" म्हणत राहिले. डफडेवाल्यानं तर लग्नातला ठेका धरला. धुरपतानं खराटा पाठीमागे लपवला.

आवाजानं रूपराव आणि नलूबाई धावत बाहेर आले. भैयाजींनी रूपरावांना मिठीच मारली.

"जवाई, एवढं कायले केलं हो? म्या म्हटलं होतं ना, साधं ठेवा म्हणून!"

"म्या काईच नाई केलं भैयाजी," रूपराव म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

"पाह्य नलू! म्हन्ते काईच नाई केलं. असा माणूस पाहिजे!"

भैयाजी ओट्यावर उभे राहून चार शब्द बोलू लागले, तसा कवडू झाडावरून उतरून रूपरावांना बाजूला घेऊन गेला. इकडेतिकडे पाहून त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "भाऊ, आमच्यात भैयाजी म्हन्जे वाघ."

रूपरावांनी कुंपणाच्या मोकळ्या केलेल्या बाजूकडे पाहिलं. गोऱ्हा, नाला, बकरा, बोराटी, सगळं एकदम डोक्यात आलं. आपण वर्षभर कुणाला भेटू पाहत होतो हेही आलं. तिकडे ओट्यावरून भैयाजींचा आवाज चढत होता. "नलू, तू मले का सांगत होती फोनवर? जंगली जनावरं हायेत म्हणून? अवो, इथं त माणसं हायेत! असे माणसं हिंगणघाटात दाखवून दे मले!"

खरं काय ते आता सांगावं, असं रूपरावांना क्षणभर वाटलं. पण मेव्हण्याच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, शिवाय टेकडी वाचत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कवडूनं शरमेनं स्वतःच जाऊन बकरा आणला आणि सगळी वस्ती जेवायला बसली.

हात धुऊन भैयाजींनी निकाल दिला. "फ्लॅटबिट काई नाई. नलू इथंच राहीन."

रूपरावांनी वर पाहून नमस्कार केला. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

"आणि मी बी इथंच येतो," भैयाजी पुढे म्हणाले. "तुमच्या कुंपणाला लागून कवडूची जागा हाये, थे पाह्यली म्या. झोपडं बांधतो, दोन भोंगे लावतो. रोज सकाळी बैठक, संध्याकाळी भजन. या लोकायले नेता नाई जवाई, म्हणून वाट पाहून राह्यले होते बिचारे."

सोमवारी सकाळी अंगणात पुन्हा पाला पडला होता. रूपराव ओट्यावर बसून होते, खराटा कोपऱ्यात पडला होता. मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या मधोमध येत असल्यामुळे भैयाजी तिथेच पाल्यावर चरचर फेऱ्या मारत हिंगणघाटला एकेकाला फोन लावत होते. "हाव! पाचशे लोक होते! नाई बाप्पा, भाड्याचे नाई, मनानं आलते! नाई नाई, आता परत येत नाई मी. तुमीच इकडं या, सारेच या!"

रूपराव उठून चुलीपाशी गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नलू, तो हिंगणघाटचा फ्लॅट अजून रिकामाच हाये का?"

नलूबाई भावासाठी तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या. वर्षभरात त्या एवढ्या खुशीत कधी दिसल्या नव्हत्या. "आता कायले जाऊ मी तिकडं? माहेरच इथं येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "तुमाले लय शांतता पाहिजे असन त तुमी जाऊन राहा. भैयाजीले चाबी मागू का?"

रूपरावांनी अंगणातला आवाज थोडा वेळ ऐकला.

"माग," ते म्हणाले.