ज्ञानू मास्तरची आठ मापं

ज्ञानू मास्तरला काहीही विचारा, तो आधी चार मोजणार आणि मग बोलणार. मनातल्या मनात नव्हे, बोटांवर. उजव्या हाताचा अंगठा करंगळीपासून एकेका बोटाला लागत जातो, ओठ हलतात, आणि चौथं बोट झालं की उत्तर येतं. "मास्तर, चहा घेनार का?" एक, दोन, तीन, चार. "व्हय, थोडा." तोवर विचारणारा स्वतःचा चहा पिऊन कप विसळत असतो.

लग्नाच्या पंगतीत वाढपी "भाजी?" म्हणून थांबतो ते अर्धा श्वास. ज्ञानूचं चौथं बोट होईस्तोवर तो पाच पानं पुढं गेलेला असतो. त्यामुळे आख्ख्या मावळात लग्नाला जाऊन कोरडा भात खाऊन येणारा माणूस एकच. बरं, तक्रार नाही. उलट मलाच म्हणणार, "बबन, भात चांगला शिजलावता."

उर्श्याच्या टोलनाक्यावर खिडकीतून विचारायचे तेव्हाची गोष्ट. जीप चालवणारा त्याचा पुतण्या पाकीट शोधायला खाली वाकला होता, म्हणून आतल्या पोरानं मागं बसलेल्या ज्ञानूला विचारलं, "जाऊन येणार का एकेरी?" झालं. अंगठा करंगळीवर. मागं मोटारींची रांग, सगळे हॉर्न एकदम. चौथ्या बोटाला "येकेरी" म्हणाला आणि जीप सुटल्यावर पुतण्याला म्हणतो कसा, "तिसरी गाडी सुरात व्हती."

हे सगळं त्याच्या धंद्यानं केलेलं आहे. ज्ञानू ट्युबा वाजवतो. ट्युबा म्हणजे पितळेचं सगळ्यात मोठं फुंकायचं वाद्य. मांडीवर घेतलं की मागचा माणूस दिसतच नाही, खाली नुसते दोन पाय दिसतात. गावातले लोक त्याला भोंगा म्हणतात. ज्ञानू चार मोजतो आणि मग भडकतो, "भोंगा गिरनीवर आस्तो! ह्यो ट्युबा हाय."

अठराव्या वर्षी तो पलटणीत गेला. तिथल्या बँडच्या सुभेदारानं त्याची छाती बघितली आणि ते धूड त्याच्या अंगावर घातलं. ट्युबावाल्याचं काम काय, तर बाकीचे गाणं वाजवत असताना खालून भों भों करून आधार द्यायचा, आणि मधे गप्प बसायचं. कागदावर रेघा मारून खण केलेले असतात. एका खणाला हा माप म्हणतो. एका मापात चार ठोके. कधी वीस मापं गप्प, कधी पन्नास. ती मोजत बसायची. एक चुकलं की सगळ्यांचं वाटोळं. चोवीस वर्षं असं बसल्यावर बोटं आपोआप चालायला लागली. कोणी घाई केली की म्हणतो, "दम धर. आपलं यायचंय अजून."

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला चौकशीची खोड आहे. मी त्याला एकदा विचारलं, "पन्नास मापं गप बसल्यावर मनात काय येतं रं?"

चार बोटं झाली. "काय न्हाई. सतरा, अठरा, येकोनीस."

पलटणीतून आल्यावर त्याला लोणावळ्याच्या वरच्या अंगाला एका निवासी शाळेत पितळी वाद्यं शिकवायचं काम मिळालं. अजूनही आठवड्यातून तीन दिवस जातो. तळेगावात लोकलला बसतो, ट्युबा शेजारी, खिडकीच्या अंगाला. ट्युब्याला गोधडीची खोळ आहे. त्याच्या बायकोनं, हौसानं, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. शाळेनं काळी, चेनवाली पिशवी दिली होती. ती ह्यानं कांदे ठेवायला घेतली.

हौसाचं आता सांगायला हवं. ज्ञानू पलटणीत असताना ती इकडं शेत आणि सासू सांभाळायची. गावात पहिला टीव्ही माझ्याकडं आला, हे सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीचं संचलन लागलं की हौसा सकाळीच येऊन पुढं बसायची. ज्ञानूच्या पलटणीचा बँड आला की विचारायची, "भाऊजी, ह्यांचं कंचं वाजतंय?"

आता त्या गलक्यात मला तरी काय कळणार? पण माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीपुढं, मला कळत नाही असं मी म्हणणार नाही. मी ठासून सांगायचो, "ते काय, ते जाड वाजतंय ते." ती कान देऊन ऐकायची, मान हलवायची. पुढच्या वर्षी परत तेच. ज्ञानू सुट्टीवर आला की त्यालाही विचारायची, "तुमचं मला येगळं वळखू का येत न्हाई?" तो चार मोजून म्हणायचा, "दम धर. आपलं यायचंय अजून."

घरी तो सराव करायचा, पण सराव म्हणजे एकच सूर, लांबच्या लांब. माझी गाय तेव्हा दूध चोरायची. त्या सरावात गाणं असं कुठं नव्हतंच. दोन वर्षांमागं हौसा गेली. त्यानंतर मोजणं चारावर आहे की वाढलंय, ते मी काही तपासलं नाही.

या वर्षी ज्ञानू एक दिवस माझ्या ओट्यावर आला आणि न विचारता, न मोजता बोलला. मी दचकलोच.

"बबन, मला आठ मापं दिली."

झालं होतं असं. शाळेतल्या मास्तर लोकांनी स्वतःच्या वाजवण्याचा कार्यक्रम ठरवला होता. पोरांचा नाही, नुसता मास्तरांचा. पियानोवर केळकर बाई, आणि पितळी वाद्यं पाच. दोन ट्रम्पेट, एक गोगलगायीसारखं वेटोळं, एक नळी पुढंमागं करायचं ते ट्रॉम्बोन, आणि आमचा ज्ञानू. केळकर बाईंनी एक चीज बसवली होती. तिच्या मधल्या तुकड्यात सगळे थांबतात आणि आठ मापं ट्युबा एकटा वाजतो. भों भों नाही. गाणं.

"वाजवून दाव की," मी म्हणालो.

"न्हाई. ते घरी न्हाई वाजवायचं. हिकडं न्हाईच. तिकडं येऊन ऐक."

आता आमच्याकडं रीत अशी की गावच्या माणसानं बाहेर नाव काढलं की त्याला फेटा बांधायचा आणि नारळ द्यायचा. कुस्ती असो, भजन असो. आणि पहिला मान गावाचा. पाहुण्यांचे गुच्छ मागून. मी भगवा फेटा घेतला, नारळ घेतला, टेम्पो केला आणि पंधरा माणसं घालून दुपारीच लोणावळ्याला पोचलो.

ज्ञानू हॉलच्या दारात उभा होता. काळा कोट, पाय अनवाणी. वाजवताना जमीन लागली पाहिजे म्हणतो. त्यानं मला तिसऱ्या रांगेत बसवलं, ट्युब्याची गोधडी घडी करून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाला, "हितं कुनाला बसू देऊ नको."

"कोन यायचंय?"

एक, दोन, तीन, चार. आणि वळून स्टेजकडं गेला.

मला वाटलं, कोणीतरी मोठा माणूस येणार. मी खुर्ची राखली. एक सुटाबुटातले गृहस्थ आले, "आजोबा, ही गोधडी उचलता का?" म्हणाले. मी म्हणालो, "गोधडी न्हाई उचलनार. तुमी पुडं बघा." ते पुढं बघत पुढं गेले. पहिल्या रांगेत एक बाई गुच्छ घेऊन तयारच बसल्या होत्या. मी त्यांच्यावर नजर ठेवली.

वाजवणं सुरू झालं. चांगलं होतं, हे मी कबूल करतो. ट्रम्पेटचा सूर असा निघायचा की छातीवरचं बटण थरथरावं. थोड्या वेळानं सगळे थांबले. मी फेटा घेऊन उठलो. मागची मास्तरीण हळूच म्हणाली, "आजोबा, संपलं नाही अजून." मी बसलो. परत सुरू, परत थांबले. परत उठलो. परत तेच. माझं म्हणणं असं की संपलं नसेल तर थांबायचं कशाला? आमच्याकडं बँड थांबला म्हणजे वरात दारात आली.

मग ती चीज लागली. मधला तुकडा संथ होता. एक जाड, खोल सूर वर चढला आणि खाली आला, एकटाच, पियानोच्या बारीक आवाजावर. मी दुसऱ्या अंगाला बसलेल्या आमच्या गावच्या पांडूला कोपर मारलं. "ह्येच ते. आपला ज्ञानू." पांडूनं मान डोलावली. ज्ञानू तर दिसत नव्हता, पितळेच्या त्या ढिगामागून दोन अनवाणी पाय तेवढे. सूर संपला. सगळ्यांनी वाद्यं तोंडापासून काढली. केळकर बाईंनी हात वर धरला तो तसाच. हॉल गप्प.

पहिल्या रांगेतली बाई जराशी हलली. मी म्हटलं, आता कोणाचं ऐकायचं नाही. उठलो तो थेट स्टेजवर. मागं आमच्या पंधरा माणसांनी टाळ्या पिटल्या, पांडूनं शिट्टी मारली.

ज्ञानूच्या खांद्याशी पोचलो तेव्हा दिसलं. त्याचा अंगठा बोटांवर चालला होता. दुसरं बोट, तिसरं. डोळे माझ्याकडं वळले, मान नाही. डावा पंजा मला दाखवला, थांब. आणि ओठ हलले, "आपलं यायचंय अजून."

म्हणजे मघाचं ते ट्रॉम्बोन होतं.

आता परतही जाता येईना. हातात नारळ, हातात फेटा, समोर दीडदोनशे माणसं. टाळ्या विरल्या. सगळ्यांना माझ्या वाटणीची लाज वाटली असणार, कारण कोणी खोकलंसुद्धा नाही. पंख्याचं पातं ऐकू येत होतं. ज्ञानूचं चौथं बोट झालं. त्यानं तोंड लावलं.

आडात खाली कोणी उभं आहे आणि आपल्याला हळूच हाक मारतंय, असा तो आवाज होता. ओरडून नाही. वरचा माणूस वाकून ऐकतोय याची खात्री असल्यासारखा. माझ्या हातातल्या नारळाला तो सूर लागत होता, तळव्याला कळत होतं. ज्ञानूच्या पायाची बोटं फरशीला घट्ट धरून होती. त्याची नजर कागदावर नव्हती. तिसऱ्या रांगेत होती.

आठ मापं म्हणजे काही फार नाही. संपली. बाकीचे आत आले, चीज पुढं गेली, आणि मी शेवटपर्यंत तिथंच उभा, खांबासारखा. खरोखर संपलं तेव्हा ज्ञानूनं ट्युबा खाली ठेवला आणि डोकं पुढं केलं. "आता बांद."

मी बांधला. पहिला. गुच्छ मागून आला. परतीच्या वाटेवर टेम्पोत कोणी मला काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. ज्ञानूची गोधडी ती खुर्ची अडवून शेवटपर्यंत होती. कोणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो. भांडण झालंच तर माझ्याकडं उत्तरं तयार होती. तो कुंपणावर गोधडी वाळत घालत होता. हिरवं लुगडं, जांभळं लुगडं, मधे एक काठाचं. काठाचं मी ओळखलं. संचलनाच्या दिवशी ती तेच नेसून यायची.

मी खुर्चीचं विचारलं नाही.

"तू मदीच उटलास ते बरं झालं," तोच म्हणाला. न मोजता. "तुला कळलं न्हवं, हॉल कसा गप झाला? आमी लय तालमी केल्या, पर तेवडी गप कदी झाली न्हाई. तिला नीट ऐकू गेलं आसंल. येगळं वळखू आलं आसंल."

मी म्हणालो, "आलंच आसंल की."

त्यानं गोधडीची सुरकुती हातानं सरळ केली. मग माझ्याकडं वळला. "बबन, ती तुझ्याकडं टीव्ही बघाया यायची. ह्यांचं कंचं म्हनून तुला इचारायची. मला सांगायची ती. भाऊजींना कळतं म्हनायची. तू तिला कंचं दावायचास रं?"

मी करंगळीला अंगठा लावला. चार झाले. उत्तर येईना, म्हणून परत करंगळीपासून सुरुवात केली.

ज्ञानू गोधडीचा काठ धरून उभा राहिला. थांबायची त्याला सवय आहे.