विहिरीतली मुलगी आणि साउंड ड्रायव्हर

लॅपटॉपचा आवाज गेला की लोक घाबरतात. मी नाही घाबरत. मी चष्मा पुसतो, बाह्या वर करतो आणि शेजारी एखादं मूल बसवून घेतो, कारण दुरुस्तीतली निम्मी गंमत ती समजावून सांगण्यात असते!

त्या दुपारी शेजारी नात होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. शाळेच्या नाटकात तिला विहिरीतल्या भुताचं काम मिळालं होतं. नाटक फक्त ऐकायचं, त्यामुळे सगळी भिस्त आवाजावर. तिचं पहिलं रेकॉर्डिंग बाईंनी परत पाठवलं होतं. ऐकून भीती वाटत नाही, चारपर्यंत नवं पाठव, नाहीतर काम दुसरीला. नवं तिने माझ्यासमोरच केलं, पण ऐकायला गेलो तर लॅपटॉप मुका. न ऐकता पाठवायला ती तयार नव्हती.

ड्रायव्हर बिघडला आहे, असं मी निदान केलं. लॅपटॉपची भाषा एक, स्पीकरची दुसरी. मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो संपावर गेला की त्याला काढायचा आणि पुन्हा नेमायचा. नात घड्याळाकडे बघत मान डोलवत होती.

ड्रायव्हर काढला. लॅपटॉप बंद करून चालू केला, ड्रायव्हर पुन्हा बसवला, रेकॉर्डिंग लावलं. शांतता.

आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. "कोण आहे तिकडे?"

कोणी नाही, असं मी सांगितलं आणि रेकॉर्डिंग अर्ध्यातच थांबवलं. पुन्हा सगळं काढलं, बसवलं, आवाज वाढवून लावलं. या वेळी मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग कडी लागल्याचं. मग ही हळू आवाजात कोणाशी तरी बोलू लागली. मध्येच थांबायची, ऐकायची, उत्तर द्यायची.

"नाही गं बाळा, मी नाही ढकललं तुला."

नातीने माझा दंड घट्ट धरला. कोणी ढकललं मला, हे तिच्या भुताचं वाक्य होतं, आणि आजीला तिने नाटकातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

मीही एकदा दाराकडे पाहून घेतलं. पण मी शिक्षक माणूस, माझा भुतांवर विश्वास नाही. म्हणून मी ड्रायव्हर तिसऱ्यांदा काढला! आवाज अगदी टोकाला नेला आणि रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजू दिलं. खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

ही दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक, हातात पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरलेलं.

"ती अगदी कानाशी बोलतेय," ही म्हणाली. "आणि आता तिच्याबरोबर आणखी कोणीतरी आलंय, ओळखीचं." तिचा हात कानाकडे गेला.

नातीची नजर त्या हातामागून गेली. हिच्या कानात ऐकू येण्याचं यंत्र असतं. मुलीचा व्हिडिओ कॉल नीट ऐकू यावा म्हणून सूनबाईने आदल्या दिवशी ते ब्लूटूथवरून लॅपटॉपला जोडून दिलं होतं, आणि ते तसंच राहिलं होतं. ड्रायव्हर बिचारा धडधाकट होता. नातीने यंत्र काढून आजीच्या तळहातावर ठेवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू आम्हा तिघांच्या मध्ये कुजबुजू लागली.

हिने यंत्र पुन्हा कानात घातलं, खुर्चीत टेकली, पाणी प्याली. चार वाजत आले होते. नातीला एवढंच हवं होतं. "आजी, खरं सांग. भीती वाटली?"

"आधी दचकले. मग तुझी दयाच आली गं. एवढंसं लेकरू, ओलं, अंधारात. खरी भीती वाटली ती शेवटी."

रेकॉर्डिंग करताना शेवटी ते बंद करायला उशीर झाला होता आणि माझंच एक वाक्य त्यात शिरलं होतं.

"तो आवाज म्हणाला, 'सरक, आता मी करतो सगळं नीट.' तो मी ओळखला," ही म्हणाली, "आणि हातपाय गार पडले."

नातीने ते वाक्य कापायला घेतलं होतं. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रेकॉर्डिंग होतं तसंच पाठवून दिलं.