लोकल होस्ट

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. शपथ कोणाची घ्यायची ते मात्र अजून ठरलेलं नाही, कारण अक्षरन् अक्षर खरी आहे असंही नाही.

वाशीमचे उकंडराव पेन्शनीत निघाले आणि त्यांना संशय घ्यायला भरपूर वेळ मिळू लागला. (आधी ते काम नोकरी सांभाळून करावं लागे.) त्या रविवारी केनवडचे पाहुणे त्यांच्या निकिताला बघायला यायचे होते. आणि कृषी महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी नवी साडी नेसून लॅपटॉपपुढे बसली होती. उकंडराव दाराआड उभे राहिले. सहजच.

"गुणसूत्रं जुळूनच नाही राह्यली," निकिता फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "नावातच घोळ हाये."

उकंडरावांच्या कानात 'गुण', 'जुळणं' आणि 'नाव' एवढंच शिरलं. पोरगी परस्पर कोणाशी तरी पत्रिका जुळवत होती.

"बाहेरच्याले नाही दिसत वं. लोकल होस्ट हाये. घरातल्या घरात चालते."

लोकल. म्हणजे वाशीमचाच. आणि घरात?

उकंडरावांनी वायफायचा डबा अलगद उपटून खिशात कोंबला. आता बघू कसा बोलतो.

"नेट गेलं वाटते," आतून आवाज आला. "जाऊ दे. याले नेट लागतच नाही."

खात्रीच पटली. गडी घरातच दडलेला. उकंडरावांनी कपाट उघडलं, दिवाणाखाली वाकले, न्हाणीघराचं दार ढकललं.

"काय ढुंढून राह्यले?" पोह्यांचे कांदे चिरता चिरता त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, विचारलं.

"जावई."

"तो चार वाजता येते. आतापासून कायले पाह्यता?"

राहिली गव्हाची कोठी. झाकण हिसडून वाकडं केलं आणि उकंडराव वाकले. गहू तळाला गेलेला, म्हणून आणखी वाकले. मग डोकं आत आणि पाय वर.

तेवढ्यात निकिता म्हणाली, "जुळलं बाई एकदाचं."

"कोणासंग?" कोठी घुमली.

निकिता धावत आली. समोर फक्त पाय होते, तर तिनं पायांनाच समजावलं. "बाबा, सोयाबीनची गुणसूत्रं हायेत. लॅपटॉपवरचा प्रोग्राम रंगीत पट्ट्यांनी दाखवते थे. एका फायलीत 'क्रोमोसोम एक' लिहिलेलं, दुसरीत नुसतं 'एक'. म्हणून पडदा कोरा दिसे. लोकल होस्ट म्हणजे आपलाच लॅपटॉप."

पाय खाली यायची वाट शोधू लागले. आणि दारात केनवडचे पाहुणे उभे, चारच्या आधीच.

"हे कोण?" मुलाचे मामा इंद्रभान पायांकडे बघत म्हणाले.

"हे आमचे लोकल होस्ट," निकिता म्हणाली.

पाहुण्यांत एकटा मुलगाच हसला. लग्न तिथंच जमलं, पत्रिका कोणी मागितलीसुद्धा नाही.

आता यातलं खोटं सांगून टाकतो. उकंडराव नावाचे गृहस्थ वाशीमात नाहीत. कोठीचं झाकण मात्र अजून वाकडंच आहे. आमच्याकडे आलात तर आमची ही दाखवील, न विचारता.