साळवेमामा आणि परदेशी प्रवक्ता

सकाळच्या चहाआधी परदेशी लष्कराच्या प्रवक्त्याला झापणारा कोल्हारात एकच माणूस आहे: आमचे शेजारी साळवेमामा. मामांनी तीस वर्षं ग्रामपंचायतीच्या रिक्षावर भोंगा लावून गावाला सूचना दिल्या. त्यामुळे जगात कुणीही माईकपुढे उभं राहिलं की मामा त्याला आपल्याच खात्यातला धरतात.

दूरच्या त्या देशात युद्ध सुरू झालं आणि तिथलं सरकार आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठी हिंदी अक्षरं लावून रोज लष्कराच्या प्रवक्त्याचा व्हिडिओ सोडू लागलं. मामांची मुलगी रूथ तिथे एका म्हातारीची नर्स आहे, म्हणून ते एकही चुकवत नाहीत. अक्षरं बारीक, ती मी वाचायची.

"'प्रिय परदेशी मित्रांनो...'"

"म्हंजी आपुनच. बोल बाबा," मामा मोबाईलला म्हणतात.

"'परिस्थिती नियंत्रणात आहे. घाबरण्याचं कारण नाही.'"

"गेलं! लई बिघडलंय तिकडं."

हे अनुभवाचे बोल आहेत. एकदा धरणाचं पाणी सुटलं तेव्हा सरपंचांनी लिहून दिलेलं "घाबरू नका" मामांनी नदीकाठच्या आळीत तीनदा पुकारलं. प्रवरेचं पाणी घाटाच्या खालच्या पायरीलाही लागलं नव्हतं, पण अर्धी आळी कुकर, शेळ्या आणि एक टीव्ही घेऊन शाळेत जाऊन बसली. एका आजोबांना तर खाटेसकट नेलं. "पानी कुठवर आलं तेवढंच सांगायचं," मामा तेव्हापासून म्हणतात. "मानसाला पाय हायेत, त्याचं तो ठरवतो."

त्या देशाच्या शत्रूचा प्रवक्ताही ते ऐकतात. तो फार ओरडतो. "ह्याचा भोंगा फाटलाय," एवढाच शेरा. दोन्हीकडचे रोज जिंकतात, याची मामांना भारी गंमत वाटते.

मध्यंतरी एकदा रूथचा फोन आला, मामांनी तो स्पीकरवर घेतला, तेव्हा मी तिथेच होतो. "पप्पा, इथे सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही."

मामांचा चेहरा उतरला. "हितंबी समदं ठीक," ते म्हणाले. खरं तर चार दिवस ते धड जेवले नव्हते, मामी सांगून सांगून थकल्या होत्या. मला दोघांचाही राग आला. म्हटलं, "मामा, बाप-लेक दोघंही प्रवक्ते झालात की काय?"

मग, ज्यांचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जायचा ते मामा, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "रूथ, मला लई भ्या वाटतंय गं."

पलीकडे रडू फुटलं. मग ती बोलत सुटली. सायरन झाला की म्हातारीला घेऊन तळघरात बसते, म्हातारी हात सोडत नाही, परतीच्या विमानाचं काही नक्की नाही. त्यात दिलासा देणारं एकही वाक्य नव्हतं. मामा मात्र मान डोलवत ऐकत होते, मध्येच "तळघरात पंखा हाय का?" असं विचारत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा जीव थाऱ्यावर आला होता.

हल्ली रूथ रोज फोन करते, दिवसभरातलं वाईटसाईट सगळं बापाला तपशीलवार सांगते, आणि मामा पोटभर जेवतात.