पुढच्या ब्रेकला लागणारी काळजी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा डोळा लागला आणि आमच्या जुन्या पिकअपचे पुढचे ब्रेक गेले, कारण ते माझ्या काळजीवर चालत होते.

दात येताना पोरीला ताप भरला होता, मी रात्रभर जागी. ताप उतरला तशी बसल्या जागी झोपले. तिकडे आमचे हे टोमॅटो घेऊन उतारावर. पिकअप थेट कडब्याच्या गंजीत शिरली. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही, टोमॅटोचं मात्र विचारू नका.

युनूसभाई मिस्त्रींनी चाक खोललं. "पॅड तर कधीच संपलेत. घरी काळजी कोण करतं?"

"मी."

"साधी, का पोटात गोळा येणारी?"

"गोळा येणारी."

"तरीच. गाडी वहिनींवर थांबतीय."

सासूबाई पुढे सरकल्या. "आन् मी काय काळजी करत न्हाई व्हय?"

"तुमची हँडब्रेकला जाते, आजी. गाडी उभी असली की तुमचंच काम."

सासूबाईंना ते पटलं.

युनूसभाईंनी पुढे मोठ्या डिस्क आणि त्या आवळणारे नवे कॅलिपर बसवले. या ब्रेकला काळजी लागत नाही, म्हणाले, ऑइल तेवढं बघत जा. जाताना मात्र बजावलं, "वहिनी, तुमची काळजी आता मोकळी पडली. कुठंतरी जोडून द्या. न्हाईतर समोर येईल ते थांबवंल."

मी म्हटलं, बघू.

आमची शिवन्या नुकतीच भिंत सोडून चालायला लागली होती. दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यापाशी आली, एक पाय उचलला आणि तो पाय तसाच वर राहिला. हसत होती, दूधभात खात होती, पण पाऊल खाली पडेना. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

हे म्हणाले, "चाक जाम झालंय."

"पोर आहे ती! गाडी आहे का?"

युनूसभाईंना बोलावलं. त्यांनी तिच्या गुडघ्याला हळूच हात लावून पाहिला. "ब्रेक धरलाय. वहिनी, तिच्याकडं बघू नका."

"कशी नको बघू? पडली म्हणजे?"

"हां. हेच ते."

ते गेले आणि खालच्या आळीतल्या कोंडाजी तात्यांना टेम्पोसकट घेऊन आले. तो टेम्पो आमच्या पिकअपपेक्षा जुना. त्यांच्या घरच्या काकी वारल्यापासून त्याला ब्रेकच नाही, तात्या चाकाला दगड लावून थांबतात.

युनूसभाईंनी मला टेम्पोसमोर उभं केलं. तात्या म्हणाले, "बरं, जातो."

"जातो नाही तात्या, येतो म्हणा," मी म्हटलं.

"कुणाला म्हणू? घरात हाय कोण ऐकायला?"

"मी ऐकतेय. उतारावर सावकाश. पोचलात की फोन करा. आणि उपाशी राहू नका."

तात्यांनी टेम्पो चालू केला. मग म्हणाले, "येतो, पोरी."

टेम्पो वळणाआड गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. मागे शिवन्याचं पाऊल खाली टेकलं. मग दुसरं. मग ती उंबऱ्यावरून अंगणात आपटली आणि भोकाड पसरलं.

"सुटला ब्रेक," युनूसभाई म्हणाले.

तात्यांनी दगड टाकून दिलाय. पण एका टेम्पोला माझी काळजी जास्त होते. परवा ते चढावरच थांबले. म्हणून सांगते, ज्यांचे ब्रेक जुने आहेत आणि घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यांनी निघताना आमच्या दारापुढे हॉर्न द्यावा आणि 'येतो' म्हणावं. मी अंगणातच असते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर एवढं त्यांच्या कानावर घाला.